नातीच्या रेखाटनातील प्रगती : व्हिएन्नाहून आजी-आजोबांना सादर केलेला अहवाल



चित्रकलेच्या शिकवणीमुळे नातीच्या रेखाटनात पडलेला फरक कलेच्या दृष्टीने स्वागतार्ह असला, तरी घरातील सलोख्याच्या दृष्टीने चिंताजनक आहे. फ्रेंच अभ्यासक ल्यूके यांनी १९२७ मध्येच दाखवून दिले होते, की लहान मूल समोर दिसते ते नव्हे, तर त्याला ठाऊक असते ते काढते. यालाच ‘बौद्धिक वास्तववाद’ म्हणतात. म्हणूनच पुण्याच्या फ्रिजवर अद्याप विराजमान असलेल्या चित्रात आजीच्या पोटातील पुरणपोळी बाहेरून स्वच्छ दिसते आणि आजोबांचे पाय थेट हनुवटीतून फुटलेले आहेत. (धड नसलेली अशी माणसे जगभरची मुले काढतात, आजोबांनी त्यात स्वतःच्या आरामखुर्चीवरील टीका शोधू नये.) त्या सुखाच्या काळात वडिलांच्या डोक्यावर भरघोस केस होते, कारण वडिलांना केस असतात एवढे तिला ठाऊक होते.

शिकवणीत आता नेमके हे ठाऊक असणेच मोडून काढले जाते. कागदाकडे न पाहता, वस्तूच्या कडेवरून नजर जितक्या संथपणे फिरेल तितक्याच संथपणे पेन्सिल फिरवायची, हा बाह्यरेषेचा सराव चित्रकला-शिक्षक निकोलायडीस यांच्या १९४१ च्या पुस्तकामुळे चित्रकलेच्या वर्गांत रुळला. त्यातून येणारे चित्र वेडेवाकडे दिसते. पण हळूहळू डोळा खोटे बोलेनासा होतो आणि त्याची झळ प्रथम घरच्यांना लागते. वडिलांचे टक्कल आता छायाप्रकाशासह नोंदले गेले आहे, तर एका पाहुण्या काकूंची दुहेरी हनुवटी इतकी साधली, की त्या कॉफी न घेताच निघाल्या.

मुलांच्या चित्रात मोठ्यांनी ढवळाढवळ करू नये, या मताच्या फ्रान्झ चिझेक यांनी १८९७ मध्ये याच व्हिएन्नात मुलांचा कलावर्ग सुरू केला होता. आईचे झोपेतील चित्र तयार होईपर्यंत हे मत घरात सर्वमान्य होते. आल्बर्टिना संग्रहालयातील चित्रकार ड्यूररच्या १५०२ सालच्या सशाच्या डोळ्यात खिडकीचे प्रतिबिंब आहे, हे नातीने प्रतिकृतीवरून हेरले (मूळ चित्र उजेडाने खराब होऊ नये म्हणून क्वचितच बाहेर काढतात). तेव्हापासून प्रत्येकाच्या डोळ्यात टॉर्च मारून पाहिले जाते.

दोन डोंगर, मधोमध सूर्य आणि बाजूला झोपडी असे ‘नीट’ चित्र काढावे, ही आजोबांची सूचना तिच्या कानावर घातली. असे डोंगर कुठून दिसतात, असा तिचा प्रतिप्रश्न आहे. इंटरमीजिएट चित्रकला परीक्षेत उत्तम श्रेणी मिळवलेल्या आजोबांनीच त्याचे उत्तर द्यावे.

रविवारच्या व्हिडिओ कॉलवर आजोबांचे व्यक्तिचित्र काढण्याचे ठरले असून, त्यांनी अर्धा तास न हलता व न बोलता बसायचे आहे. यांपैकी दुसरी अट पाळली जाईल याची हमी आजींनी घ्यावी. कवळी लावून बसावे की काढून, हे आजोबांनी ठरवावे; मात्र जे समोर येईल तेच कागदावर उतरेल.