दत्तक नामंजूर

मांजर विकत आणतात, हे आमच्या सासूबाईंना सत्तरी उलटेपर्यंत माहीत नव्हतं. गाय विकत घेतात, म्हैस घेतात, बैलांचा तर बाजारच भरतो. पण मांजराला किंमत येते ती ते मेल्यावर, असं त्यांचं मत. चुकून हातून मांजर मेलं तर काशीला सोन्याचं मांजर वाहावं लागतं आणि सोन्याचा भाव आपल्याला ठाऊक आहेच. जिवंत मांजर मात्र फुकट. त्यांच्या माहेरी, वाईच्या वाड्यात, मांजरांना कधी तोटा नव्हता. पण त्यातलं एकही कोणी आणलेलं नव्हतं. एखादी मांजरी कौलांवरून उतरायची, माळ्यावरच्या जुन्या गाद्यांत पिल्लं घालायची, रीतीप्रमाणे ती सात घरं फिरवायची आणि फिरवता फिरवता एखादं पिल्लू वाड्यात विसरून जायची. झालं, मांजर पाळलं गेलं. त्यासाठी घरात बैठक बसली, मतं घेतली, असं कधी झालं नाही.

आमच्याकडे बैठक बसली. बसणारच होती, कारण आम्ही नवव्या मजल्यावर राहतो. आपण होऊन यायचे मांजराचे सगळे रस्ते बिल्डरने रीतसर बंद करून ठेवले आहेत. खाली फाटकावर वॉचमन, मग लिफ्ट, मग एक लोखंडी दार आणि एक लाकडी. एखाद्या मांजरीच्या मनात आमच्याकडे बाळंतपणाला यायचं असलं, तरी वॉचमन तिला आधी वहीत सही करायला लावेल. पिल्लू विकत घ्यायचं की दत्तक, यावर हल्ली लोक हिरिरीने भांडतात, एकमेकांची नीतिमत्ता काढतात. मला मात्र हा सगळा वाद मुळात लिफ्टने लावून दिलेला वाटतो. कौलं होती तोवर निवड मांजर करत होतं.

कन्येला पर्शियन हवं होतं. मैत्रिणीकडे होतं, हे कारण. म्हणून आम्ही तिघी, म्हणजे आजी, नात आणि मधली मी, एका दुकानात गेलो. या धंद्याची स्वतःची भाषा असते, ती तिथे कळली. पर्शियन म्हणजे नुसतं पर्शियन नसतं. नाक जरा वर आलेलं असेल तर ‘डॉल फेस’, थोडं बसकं असेल तर ‘सेमी पंच’ आणि नाक जवळपास नाहीसंच झालेलं असेल तर ‘पंच फेस’. नाक जितकं कमी तितका भाव जास्त. आमच्यासमोर ठेवलेलं पिल्लू पंच फेस, ट्रिपल कोट, लिटर ट्रेन्ड होतं, आणि दोन डोळ्यांतून सारखं पाणी गाळत होतं. सासूबाईंनी चष्मा पुसून ते नीट न्याहाळलं आणि विचारलं, “याचं नाक कुठे गेलं?”

“मावशी, हेच तर ब्रीड आहे,” दुकानदार म्हणाला.

“आणि रडतंय का?”

“एसीमुळे.”

एसीचा त्यात काही दोष नव्हता. चेहरा इतका चपटा केला की डोळ्यांतलं पाणी नाकात उतरायची नळी मुडपते आणि अश्रू गालावर येतात. श्वासाचीही कुरकुर असते. मूळच्या पर्शियनला चांगलं नाक होतं. मांजरांचं पहिलं मोठं प्रदर्शन लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये 1871 साली हॅरिसन वेअर नावाच्या चित्रकाराने भरवलं. तेव्हाची पर्शियन मांजरं आजच्या डॉल फेसच्या बाजूची. नाक आत ढकलत न्यायचं हे विसाव्या शतकातलं कर्तृत्व. शिवाय या घराण्यात मूत्रपिंडात गाठी होण्याचा एक आनुवंशिक आजार चालत येतो. आईबाप दोघांपैकी एकाकडून जरी आला तरी पुरतो. तो तपासता येतो, आणि चांगले पैदासकार तपासतातही. पिल्लाची आई दाखवतात, घाई करत नाहीत. असे लोक असतात, हे मी मुद्दाम सांगते, कारण पर्शियन घेणारा तेवढा निर्दय आणि रस्त्यावरचं उचलणारा तेवढा संत, ही वाटणी मला मंजूर नाही. नाक हरवलं यात त्या पिल्लाचा काय गुन्हा?

पण आमचा दुकानदार त्या चांगल्यांतला नव्हता. पिल्लाचं वय विचारलं तर म्हणाला, पंचेचाळीस दिवस. पेट शॉपसाठी केंद्र सरकारचे 2018 चे नियम आहेत. राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे दुकानाची नोंदणी लागते आणि आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही. आठ साते छप्पन्न, हे मी तिथल्या तिथे बोटांवर केलं. त्या उरलेल्या अकरा दिवसांत पिल्लू काही झोपा काढत नसतं. भावंडांना किती जोरात चावलं म्हणजे आई फटका मारते, हे ते शिकत असतं. जे शिकायचं राहतं ते मग आपल्या मनगटावर शिकतं. मी नोंदणीचं विचारल्यावर त्याने भिंतीवरचं शॉप ॲक्टचं फ्रेम केलेलं लायसन्स दाखवलं. त्याच्या शेजारी लक्ष्मीचा फोटो होता, त्यालाही हार होता. भाव अठरा हजार. आमची चौकशी त्याने केलीच नाही. कॅश की ऑनलाइन, एवढा एकच प्रश्न.

सासूबाई परतताना रिक्षात एवढंच म्हणाल्या, “अठरा हजारांत आमच्या वेळी घर झालं असतं.” त्यांच्या वेळी नेमकं काय काय अठरा हजारांत झालं असतं, याची यादी बरीच लांबली.

दुसरी वाट एका ताईंच्या दारात जात होती. या ताई स्वतःच्या दोन खोल्यांत नऊ मांजरं सांभाळतात, ज्याला हल्ली ‘फॉस्टर’ म्हणतात. पावसाळा आला की त्यांचा फोन वाजायचा थांबत नाही, कारण भिजलेली पिल्लं उबेला गाडीच्या बॉनेटमध्ये शिरतात. त्यांच्याकडे दोन पर्शियनही होती, टाकून दिलेली. कोणाचा उत्साह पुण्याच्या एका उन्हाळ्यात संपला होता, कोणाचा केस विंचरून. कन्या ती दोन बघून बराच वेळ गप्प होती. फुकटातलं मांजर निरोगीच निघतं, असा दावाही ताई करत नव्हत्या. उलट त्यांनी घाबरवलंच: उकिरड्यावरचं पिल्लू पॅनल्यूकोपेनिया घेऊन आलेलं असू शकतं, आणि तो विषाणू आठवड्याभरात सगळी पिल्लं संपवू शकतो, म्हणून नवं आलेलं त्या वेगळं ठेवतात, जंतांचं औषध आणि लस झाल्याशिवाय देत नाहीत.

आणि मग त्यांनी अर्ज दिला. चार पानी.

घर स्वतःचं की भाड्याचं? भाड्याचं असल्यास मालकाची लेखी परवानगी आहे का? बदली झाल्यास मांजराचं काय? घरात कोणी गरोदर आहे किंवा नजीकच्या काळात होण्याची शक्यता आहे का? (नवऱ्याने हा प्रश्न मोठ्याने वाचला आणि सासूबाई स्वयंपाकघरात निघून गेल्या.) मे महिन्यात गावाला गेल्यावर मांजराकडे कोण बघणार? पाच-सहा महिन्यांचं झाल्यावर नसबंदी कराल असं लिहून देता का? मांजराला मांसाहार द्याल का?

इथे घर बघायला आलेल्या ताईंसमोरच घरात तट पडले. आम्ही शाकाहारी. “आमच्या वाईच्या मांजरी जन्मभर दूधभातावर होत्या,” सासूबाईंनी बजावलं, “आणि कशा गुबगुबीत!” ताईंनी शांतपणे विचारलं, “आणि आजी, माळ्यावर उंदीर किती होते?” वाड्यातल्या त्या सात्त्विक मांजरींचं खरं जेवण वरच्या मजल्यावर होत असे, हे सत्तर वर्षांनी उघड झालं. मांजराला टॉरिन नावाचा घटक आयताच लागतो. शरीरात तो पुरेसा तयार होत नाही आणि वरणभातात तर नसतोच. तो न मिळाल्याने मांजरं आंधळी होतात, हे 1975 च्या सुमाराला कळलं, आणि हृदय निकामी होतं, हे 1987 साली. दूधही बऱ्याच मोठ्या मांजरांना पचत नाही. डोळे मिटून दूध पिणाऱ्या मांजरावर आपण एवढ्या म्हणी रचल्या, त्याच्या पोटाचं पुढे काय झालं ते कोणी पाहिलं नाही. शेवटी तयार खाद्याची पिशवी चालेल, पण स्वयंपाकघरात नाही, बाल्कनीत, असा तह झाला.

बाल्कनी म्हटल्यावर ताई उठल्या आणि खिडक्या बघायला लागल्या. नवऱ्याने आधीच वाचन करून ठेवलं होतं. न्यूयॉर्कच्या एका प्राणी-रुग्णालयात उंच इमारतींतून पडलेली 132 मांजरं आली आणि त्यांतली नव्वद टक्के जगली, असा 1987 चा अभ्यास त्याने ऐकवला. मांजर चार पायांवर पडतं, तेव्हा काळजीचं कारण नाही, हा त्याचा मुद्दा.

“जी रुग्णालयापर्यंत आलीच नाहीत, ती यात मोजलीत का?” ताईंनी विचारलं. नवरा गप्प. “आणि ही जाळी नायलॉनची आहे. कबुतरं अडतील. मांजर दातांनी दोन दिवसांत कापेल.”

दरम्यान सोसायटीच्या सचिवांना सुगावा लागला. शाळेत इतिहासाच्या पुस्तकात डलहौसीने 1848 साली साताऱ्याचा दत्तक नामंजूर केल्याचं वाचलं होतं, तेव्हापासून असा माणूस प्रत्यक्ष भेटेल असं वाटलं नव्हतं. पाळीव प्राण्याचा ठराव झालेला नाही, सबब परवानगी नाही. सोसायटीला प्राणी पाळण्यावर बंदी घालता येत नाही, असं केंद्राच्या प्राणी कल्याण मंडळाने 2015 सालीच कळवून ठेवलं आहे. ते पत्रक ताईंनी आम्हाला पाठवलं, आम्ही सचिवांना दिलं. त्यांनी ते दोनदा वाचलं आणि नवा पवित्रा घेतला: पुणे महापालिकेने 2022 पासून मांजरांनाही परवाना सांगितला आहे, तो कुठे आहे? मांजरच अजून आलेलं नाही, हे उत्तर त्यांना पळवाट वाटली.

कन्येला या सगळ्यात इतिहासाचा तास मिळाला. मी तिला बडोद्याची गोष्ट सांगितली. तिथले महाराज मल्हारराव यांना पदच्युत केल्यावर 1875 साली आधीच्या महाराजांच्या विधवा जमनाबाईंना दत्तक घ्यायचा होता, म्हणून मालेगावजवळच्या कवळाणे गावातून गायकवाडांच्या भाऊबंदांतली काही मुलं बडोद्याला नेली. कशाला आलात, असं विचारल्यावर बाकीच्यांनी कायकाय सांगितलं असेल, पण बारा वर्षांचा गोपाळ म्हणाला, राज्य करायला. तोच पुढे सयाजीराव झाला, अशी गोष्ट सांगतात. ताईंकडच्या पिल्लांत एक करड्या पट्ट्यांचं होतं. आम्ही गेलो तेव्हा बाकीची पिल्लं बिचकून खाटेखाली गेली आणि हे नवऱ्याच्या बुटात जाऊन बसलं. कन्येने त्याचं नाव तिथेच गोपाळ ठेवलं. ते मादी आहे, असं ताईंनी सांगितल्यावरही नाव बदललं नाही.

आठवड्याने ताईंचा निरोप आला. अत्यंत सभ्य भाषेत होता. स्वयंपाकघराच्या खिडकीला जाळी नाही, बाल्कनीची जाळी योग्य नाही, मे महिन्याची व्यवस्था अर्जात स्पष्ट नाही. तरी सध्या अर्ज प्रलंबित ठेवत आहोत.

म्हणजे नापास.

नवऱ्याने तो निरोप तीनदा वाचला. शिक्षणात त्याला आजवर एकदाही कोणी नापास केलेलं नव्हतं. “आपलं घर मांजराच्या लायकीचं नाही म्हणतात,” तो म्हणाला. मला वाटलं, आता सगळे चिडून त्या अठरा हजारांच्या दुकानात जाणार. तिथे अर्ज नाही, खिडक्या नाहीत, मे महिना नाही. पैसे टाकले की पिल्लू पिशवीत. पण मी सासूबाईंना ओळखायला कमी पडले. त्या पन्नास वर्षं पुण्यात काढलेल्या. गिऱ्हाईकाला नाही म्हणणाऱ्या दुकानापुढेच पुण्यात रांग लागते, आणि जो विक्रेता कोणालाही, कधीही, काहीही द्यायला तयार असतो त्याच्या मालात खोट असते, हे त्यांनी आयुष्यभर पेढ्यांपासून पैठणीपर्यंत पडताळून पाहिलेलं आहे. “बाई बरोबर आहे,” त्या म्हणाल्या. “कोणाच्याही हातात पोर देत नाही. तिथलंच आणायचं.”

विकत की दत्तक, यावर आमच्या घरात दया, करुणा, प्राण्यांचे हक्क, वंशशुद्धी, सगळं बोलून झालं होतं आणि कशानेच निकाल लागला नव्हता. तो या एका वाक्यात लागला. मला तो निकाल पूर्ण पटतो, कारण दुकानात आम्ही पिल्लाची परीक्षा घेत होतो, आणि खरं म्हणजे गरज आमच्या परीक्षेची होती. मला कन्येचा उत्साह माहीत आहे. तिने घेतलेली गिटार कपाटावर आहे.

रविवारी जाळीवाला आला. स्टीलची जाळी, एक इंची भोक. सासूबाई खुर्ची टाकून त्याच्या शेजारी बसल्या, हातात लिंबू. जाळीच्या प्रत्येक भोकातून लिंबू जातं का, हे त्या बघत होत्या. “आजी, यातून उंदीरसुद्धा जाणार नाही,” तो वैतागून म्हणाला.

“उंदराचा प्रश्न नाही. तो गेला तर गेला.”

मेची व्यवस्थाही त्यांनीच लावली: या वर्षी वाईला आपण जाणार नाही, असं त्यांनी परस्पर जाहीर केलं, आणि अर्जात ‘देखरेख करणारी व्यक्ती’ या रकान्यात स्वतःचं नाव मोत्यासारख्या अक्षरात लिहिलं. संध्याकाळी नवरा हिशेबाला बसला. दोन बाल्कन्या, चार खिडक्या, मजुरी, लशी, नसबंदी, मातीचा ट्रे आणि त्यातली माती, बाल्कनीतलं मांसाहारी कपाट. बेरीज अठरा हजारांच्या बरीच पुढे गेली. पर्शियन स्वस्त पडलं असतं, असं त्याने अगदी हळू आवाजात सुचवून पाहिलं.

“जाळीची पावती नीट ठेव,” सासूबाई म्हणाल्या. “पुन्हा तपासायला येतील तेव्हा दाखवायला लागेल.”