चार विसा आणि एक 'तू'

ऐकलंत का? म्हणजे मला दुसऱ्याच्या घरात डोकावायची सवय नाही, हे अख्ख्या सिडकोला ठाऊक आहे. पण भिंतच पातळ असेल तर माणसाने कान कुठे नेऊन ठेवायचे? गेले तीन महिने शेजारून रोज संध्याकाळी सातच्या ठोक्याला खाकरण्याचा आवाज येतो. मला वाटलं, घशाची साथ आली. हळद-दुधाचा पेला घेऊन गेले, तर दारातच उलगडा झाला. शेजारच्या सूनबाई फ्रेंचमधला 'र' काढत होत्या!

फ्रेंच! आणि तेही क्लासला जाऊन नाही, घरी मास्तरीण लावून. या बाई स्कूटीवरून येतात, हेल्मेट काढतात, पायपुसण्यावर पाय पुसतात आणि 'बाँझूर' म्हणत आत शिरतात. वॉचमनने वहीत नोंद केलीय, 'फ्रेश मॅडम'. फी ऐकली आणि मला जिन्यातच बसावं लागलं. तेवढ्या पैशांत माणूस महिनाभर टँकर मागवील.

बरं, ही एकच असती तर सोडून दिलं असतं. पण मॅडमची डायरी भरलेली आहे, हो! सहाला वाळूजचा एक इंजिनिअर, आठला गारखेड्याची एक नर्स, रविवारी सकाळी वेरूळचा एक गाइड. गाइडचं मी समजू शकते. कैलास लेणं वरून खाली कोरत आणलं, हे परदेशी पाहुण्याला त्याच्या भाषेत सांगितलं की तो शेवटपर्यंत ऐकतो आणि खिशातही जरा खोल हात घालतो. शेंद्र्याला स्कोडा-ऑडीच्या गाड्या जुळायला लागल्या आणि पोरं जर्मनच्या मागे लागली, तेही समजून घेतलं. पण फ्रेंच?

तर म्हणे कॅनडा! तिकडे कायमचं राहायला जायचं तर गुणांची रांग असते, तिचं नाव एक्सप्रेस एंट्री. 2023 पासून फ्रेंच येणाऱ्यांना त्यात वेगळ्या फेरीत बोलावतात. 2024 च्या फेब्रुवारीत सर्वसाधारण फेरीला पाचशेच्या वर गुण लागत होते आणि त्याच महिन्यात फ्रेंचवाल्यांची एक फेरी 336 वर बंद झाली. म्हणजे इकडे मेरिट लिस्ट आणि तिकडे चक्क मॅनेजमेंट कोटा! फक्त हा कोटा पैशाने मिळत नाही, जिभेने मिळवावा लागतो. ऐकणं, बोलणं, वाचणं, लिहिणं, चारहीत सातवी पायरी गाठायची. नुसतं 'मेर्सी, मेर्सी' करून भागत नाही.

आणि यातली खरी मेख ऐका. फ्रेंच जिथे घराघरांत बोलतात ते क्युबेक या रांगेत येतच नाही, त्याचा कारभार वेगळा. म्हणजे इथे घसा खरवडून फ्रेंच शिकायचं, ते बाकीच्या कॅनडात राहायला, जिथे बहुतेक ठिकाणी दुकानदार इंग्रजीतच बोलणार! पुरणाचा घाट घालायचा आणि पंगतीला पिठलं वाढायचं, दुसरं काय?

आता तो 'र'. मॅडम सांगतात, जीभ टाळूला लावायची नाही, घशातून काढायचा, गुळणी केल्यासारखा. सूनबाईंनी मिठाच्या पाण्याचे तांबे संपवले. पण परवा त्यांची ऑफिसमधली मैत्रीण आली होती, रोशन गेटची. तिने पहिल्याच फटक्यात 'पारी' असं काही म्हटलं की मॅडम खुर्चीतून उठल्या. ती पोरगी हसत म्हणाली, "मॅडम, ये तो हमारा ग़ैन है." घ्या! जो उच्चार आम्ही तासाचे पैसे मोजून आणवतोय, तो जुन्या शहरात ग़रीब नि बाग़ म्हणताना फुकट सांडतोय.

तशी फ्रेंच मंडळी आपल्या गावाला नवीन नाहीत म्हणा. सतराव्या शतकात तावेर्निए नावाचा हिऱ्यांचा व्यापारी सुरतेहून गोवळकोंड्याकडे निघाला होता. त्याला वाटेत आपल्या बीबीच्या मकबऱ्याच्या संगमरवराच्या तीनशे गाड्या दिसल्या. त्यातल्या लहानात लहान गाडीला 12 बैल! सगळं मोजून लिहून ठेवलं त्याने. नंतर थेवनो नावाचा प्रवासी आला आणि वेरूळ बघून थक्क झाला. दुसऱ्याच्या दारातल्या गाड्या मोजायची हौस असलेली ही माणसं, आपल्या सोसायटीत सहज खपली असती. शंभर वर्षांमागे तर ज्यूल ब्लॉक या फ्रेंच विद्वानाने आपली मराठी कशी घडली यावर फ्रेंचमध्ये ग्रंथच लिहिला. त्यांनी आपली भाषा उलटीपालटी करून पाहिली तेव्हा कुणी नाक मुरडलं नाही. आणि एस.टी.चा डेपो, कोपऱ्यावरचं गॅरेज, गल्लीतली तीन बुटिकं, हे शब्द तरी कुठून फिरत आले?

पण कहर झाला तो आकड्यांचा. सूनबाई रडकुंडीला आलेल्या. फ्रेंचमध्ये ऐंशीला शब्दच नाही! 'कात्र-व्हँ' म्हणायचं, म्हणजे चार वीस. आणि नव्व्याण्णव म्हणजे चार वीस, दहा, नऊ. "हे काय मोजणं झालं?" म्हणून त्यांनी वही मिटली. तेवढ्यात कोपऱ्यात लसूण सोलत बसलेल्या आजेसासूबाई म्हणाल्या, "त्यात रडण्यासारखं काय गं? चार विसा नि एकोणीस. आम्ही अंडी, आंबे, गोवऱ्या सगळं विसानेच मोजलं. मला आता चार विसा नि चार लागलं." मॅडमनी आजींचं वय लगेच फ्रेंचमध्ये करून दाखवलं. शब्दाला शब्द, तेच निघालं! तेव्हापासून आजींची खुर्ची कोपऱ्यातून टेबलापाशी आली.

आणि तिथेच पुढचा भडका उडाला. त्यांच्यातही आपल्यासारखं तू आणि तुम्ही आहे. 'त्यू' म्हणजे तू, 'व्हू' म्हणजे तुम्ही. सूनबाई गृहपाठाची वाक्यं नवऱ्यावर घोटत होत्या, "व्हू" करून. मॅडमनी लाल पेनाने खोडलं. नवराबायकोत 'त्यू'च म्हणतात, दोन्हीकडून. झालं! रात्री जेवताना, सगळ्यांसमोर, भाकरी वाढता वाढता सूनबाई नवऱ्याला फ्रेंचमध्ये 'तू' म्हणाल्या. सासूबाईंचा घास हातातच राहिला. ज्या घरात तीन पिढ्या 'अहो'शिवाय हाक गेली नाही, तिथे हे! मी भिंतीला कान लावला... म्हणजे भिंतीला टेकून उभी होते, भांडं कधी आपटतंय याची वाट बघत.

भांडं आपटलं नाही. आजींचाच आवाज आला, शांत.

"म्हणू दे गं तिला. मला कुणी अशी परकी भाषा शिकवली असती, तर मीही ह्यांना एकदा 'अरे' म्हणून पाहिलं असतं."