थोरली पाती, धाकटी पाती आणि आमचा कोल्हा

आमचे धारचे साडू दारात चपला काढता काढताच विचारतात, "काय देवासकर, अजून तुमचा तो कोल्हाच का?"

मी म्हणतो, "या भाऊसाहेब. तुमची भिंगरी फिरतेय ना?"

कोल्हा म्हणजे फायरफॉक्स. भिंगरी म्हणजे क्रोम. हे आमचं गेली दहा-बारा वर्षं चाललंय. शेतीवरून, दागिन्यांवरून, लग्नात मिळालेल्या पाकिटावरून साडू-साडू एकमेकांचं तोंड पाहीनासे झालेले मी पाहिले आहेत. आमच्यात तसलं काही नाही. सासऱ्यांनी दोघांना सारखीच अंगठी दिली, दोघांना सारखीच सैल झाली. तंटा एकच, ब्राउझर कुणाचा पळतो.

खरं तर फायरफॉक्स हे कोल्ह्याचं नव्हे, लाल पांडाचं एक इंग्रजी नाव. हे मी एकदा साडूंना समजावून सांगितलं. ते म्हणाले, "म्हणजे धड कोल्हाही नाही!" तेव्हापासून ही माहिती मी कुणाला देत नाही.

साडूंना वेगाचं एवढं वेड का, यावर माझा थोडा अभ्यास आहे. इंदूर-दाहोद रेल्वेमार्गाचं भूमिपूजन २००८च्या फेब्रुवारीत झालं. हा मार्ग धारवरून जायचा होता. त्याच वर्षी सप्टेंबरात क्रोम बाजारात आला. क्रोमची शंभरावी आवृत्ती २०२२मध्ये निघाली. गाडीचं मी काही बोलत नाही, कारण हा विषय निघतो तेव्हा ते बहुतेक आमच्याकडे जेवायला बसलेले असतात, आणि शंभरेक किलोमीटर बसने आलेले असतात.

आम्हा देवासच्या माणसांना मात्र दोन सारख्याच गोष्टींवरून भांडायला कुणी शिकवावं लागत नाही. आमचं गावच तसं. तुकोजी आणि जिवाजी हे दोघे पवार बंधू बाजीरावाच्या काळात माळव्यात आले आणि पुढे या एका गावात दोन राज्यं झाली, थोरली पाती आणि धाकटी पाती. दोन महाराज, दोन राजवाडे, दोन दरबार. मुख्य रस्त्याची एक बाजू एका महाराजांची, समोरची दुसऱ्यांची, आणि दोन्हीकडची पाण्याची नि दिवाबत्तीची सोय निराळी. म्हणजे समोरच्याकडे दिवा लागला म्हणून आपल्याकडे लागेलच असं नाही. ई. एम. फॉर्स्टर हा इंग्रज लेखक १९२१ साली थोरल्या पातीच्या महाराजांकडे खाजगी चिटणीस होता. इथल्या कारभाराने तो इतका चक्रावला, की पुढे १९५३मध्ये त्याने त्यावर अख्खं पुस्तक काढलं. टेकडीवरच्या देवीसुद्धा दोन, थोरली तुळजाभवानी आणि धाकटी चामुंडा. १९४८मध्ये दोन्ही पात्या विलीन झाल्या, पण आमच्या आजीला कुणाचा राग आला की ती शेवटपर्यंत म्हणायची, "जाऊ दे, धाकट्या पातीचा आहे तो." आजी थोरल्या पातीची होती हे सांगायला नकोच.

तर गेल्या दिवाळीत आमच्याकडे बैठक बसली होती. मी, साडू, आणि पलीकडच्या घरातले गृहस्थ. हे आमच्या इथल्या बँक नोट प्रेसमधून निवृत्त झालेले. ते एजवाले. "मशीनबरोबर जे आलंय ते वापरावं, बाहेरून कशाला आणायचं?" ही त्यांची भूमिका, आणि ती त्यांनी संसारातही पाळली आहे. साडूंची नि त्यांची चांगलीच जुंपली. क्रोम झटकन उघडतो, एज रडत उघडतो. नाही, एज शांतपणे उघडतो, क्रोम सगळी मेमरी खाऊन ढेकर देतो. करंज्यांचं ताट मध्ये तसंच पडून.

तेवढ्यात साडूंचा मुलगा, म्हणजे आमचा भाचा, आतून आला. हा पुण्याला संगणकाच्या कंपनीत आहे. तो उभ्याउभ्याच म्हणाला, "बाबा, कशाला भांडताय? दोघांच्या खाली इंजिन एकच आहे."

"म्हणजे?"

"म्हणजे मायक्रोसॉफ्टने २०२० साली एजमधलं आपलं इंजिन काढून टाकलं आणि क्रोमचंच बसवलं. ओपेराने तर २०१३मध्येच. ब्रेव्हही तेच. वरचं रंगकाम तेवढं निराळं."

बैठकीत अशी शांतता पसरली, की आतला कढईचा आवाज ऐकू आला. लग्नाची बोलणी होऊन, साखरपुड्याचा हॉल ठरून, आचाऱ्याला विसार देऊन झाल्यावर दोन्हीकडचं गोत्र एकच निघावं, तसे चेहरे झाले दोघांचे.

"काकांचा फायरफॉक्स मात्र खरंच वेगळा," भाचा म्हणाला. "त्याचं इंजिन स्वतःचं आहे, गेको. आणि सफारीचं वेबकिट."

मी एक करंजी उचलली. आयुष्यात असे क्षण फार येत नाहीत.

पण हा मुलगा बापासारखाच, समोरच्याला पूर्ण करंजी खाऊ देत नाही. "तसं पाहिलं तर," तो म्हणाला, "खोटं सगळेच बोलतात." मग त्याने जे सांगितलं, ते ऐकून मला ब्राउझरांबद्दल पहिल्यांदाच आपुलकी वाटली. ब्राउझर कुठल्याही संकेतस्थळाच्या दारात गेला, की आधी आपली ओळख सांगतो. आणि आजचा क्रोम ती कशी सांगतो? मी मोझिला, मी ॲपलवेबकिट, मी केएचटीएमएल, मी गेकोसारखा, मी क्रोम, मी सफारी. एका दमात. याचं कारण असं, की नव्वदीच्या दशकात नेटस्केपचा जोर होता आणि त्याचं घरातलं नाव मोझिला. काही संकेतस्थळं चांगली पानं फक्त मोझिलालाच वाढायची. मग इंटरनेट एक्सप्लोरर दारात जाऊन म्हणू लागला, मी मोझिलाच. पुढे जो आला त्याने आधीच्या सगळ्यांची नावं लावली आणि सोबत आपलं.

हे तर आम्हीच! पुण्याला लग्नात कुणी विचारतं, "तुम्ही मूळचे कुठले?" की आमची रेकॉर्ड सुरू होते. मूळचे वाईकडचे, मग पेशव्यांच्या स्वारीबरोबर बुंदेलखंडात, मग शिंद्यांच्या चाकरीत उज्जैनला, मग होळकरांकडे, आता देवास. विचारणाऱ्याला नुसतं कुठल्या पंक्तीला बसवायचं ते हवं असतं. साडू तर धारचे. धारचे पवार आपलं कूळ थेट भोजराजाच्या परमारांशी जोडतात. साडू पवार नाहीत, पण गावाचा म्हणून तेवढा मान ते स्वतःकडे ठेवून घेतात.

पुण्याचा विषय निघालाच आहे तर सांगतो. मराठी पान उघडलं की ब्राउझर कधीकधी वर पट्टी दाखवतो, "हे पान हिंदीत आहे, भाषांतर करू का?" पुण्याच्या नातेवाइकांना आमचं मराठी ऐकून हेच वाटतं. फरक इतकाच, की ब्राउझर आधी विचारतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी पोहे-जिलबी झाल्यावर भाच्याने प्रस्ताव मांडला, की एकदाचं मोजूनच टाकू. एकच लॅपटॉप, एकच वायफाय, फोनवरचं स्टॉपवॉच. सौ. पंच, पण तिला तिखट शेव आणायला जायचं होतं, म्हणून पंच शेजारी.

पहिली फेरी मराठी वर्तमानपत्राच्या पानाची. भिंगरी तीन सेकंदांत, कोल्हा अकरा. साडू उभे राहिले. त्यांनी खिशातून रुमाल काढून तोंड पुसलं, जसं काही ते स्वतः पळाले होते.

"थांबा," भाचा म्हणाला. "बाबांनी सकाळी उठल्यापासून हेच पान पाच वेळा उघडलंय. सगळी चित्रं आधीच घरात येऊन पडलीत. आधी कॅश साफ करू."

शेजारी एकदम ताठ झाले. उभी हयात नोटांच्या कारखान्यात गेलेली. जाताना झडती, येताना झडती. "कॅश साफ करायची?" ते दबक्या आवाजात म्हणाले. "आणि तेही असं सगळ्यांच्या देखत?"

त्यांना समजावण्यात दहा मिनिटं गेली, की ही कॅश वेगळी. ब्राउझर पाहिलेल्या पानांची चित्रं नि कागद आपल्याजवळ साठवून ठेवतो, म्हणजे पुढच्या खेपेला दुकानात जावं लागत नाही. घरात पीठ असलं की पोळी लवकर होते, त्यात चुलीचं कौतुक नाही. शेजाऱ्यांना ते पटलं, पण साफ केल्याची नोंद कुठे होते का, हे त्यांनी दोनदा विचारलं.

पीठ संपवून पुन्हा मोजलं. भिंगरी नऊ, कोल्हा साडेनऊ. तिसऱ्यांदा मोजलं तर कोल्हा पुढे. मग भाच्याने स्पीडोमीटर नावाची चाचणी लावली, जी ॲपल, गूगल, मोझिला असे एकमेकांचे दावेदार आता मिळून सांभाळतात. तिच्यात काय करतात? पडद्यावर करायच्या कामांची यादी लिहिली जाते, पटापट बरोबरच्या खुणा होतात, आणि सगळी यादी पुसली जाते. पुन्हा यादी, पुन्हा खुणा, पुन्हा पुसणं. निवृत्तीनंतरचा माझा दिवस कुणी इतका नेमका मांडलेला मी पाहिला नव्हता. आकडे आले, थोडा फरक होता. पण तो डोळ्यांना दिसण्याजोगा नव्हता आणि मान ताठ करण्याजोगा तर अजिबात नव्हता.

"आता रोजच्या कामाचं पान घ्या," साडू म्हणाले. नोव्हेंबर होता, आम्हा दोघांनाही हयातीचा दाखला द्यायचा होता. पेन्शनसंबंधीचं एक पान आहे, ते कुठलं हे सांगत नाही, कारण पेन्शन मला अजून घ्यायची आहे. ते दोन्ही ब्राउझरांत शेजारी-शेजारी उघडायला ठेवलं.

गोल चक्र फिरू लागलं. इकडे एक, तिकडे एक. ज्या गावात कुमार गंधर्व राहिले, त्या गावच्या माणसाला विलंबित एकतालात समेची वाट बघायची सवय असते. पण इथे समच येईना. चहा झाला. शेव घेऊन सौ. परत आली.

"हे ब्राउझरचं नाही," भाचा म्हणाला, "पलीकडूनच पान येत नाहीये."

हे मला लगेच कळलं. १९९०च्या सुमारास या देवासात पिण्याचं पाणी रेल्वेने आणावं लागत होतं. टँकरची गाडी स्टेशनात लागायची. तेव्हासुद्धा आमच्या गल्लीत दोघे भाऊ नवीन तोटी पितळेची बसवावी की प्लास्टिकची यावरून भांडत होते. पितळेची बसली. तिच्यातून हवासुद्धा फार रुबाबात यायची.

अखेर पान उघडलं. दोन्हीकडे एकाच क्षणी, याला शेजारी साक्षी आहेत. वर लाल अक्षरांत ओळ होती, हे पान इंटरनेट एक्सप्लोररमध्ये उघडावे.

इंटरनेट एक्सप्लोरर १५ जून २०२२ रोजी मायक्रोसॉफ्टने बंद केला. म्हणजे आम्ही हयातीचा दाखला द्यायला गेलो, आणि त्यावर सही मागितली मयताची.

साडूंनी चष्मा काढला. हरण्यात मजा नसते, पण दोघांनी मिळून हरण्यात थोडी असते. त्यांनी सौ.कडे वळून विचारलं, "तुम्ही कशावर बघता हो हे सगळं?"

"ते मला काय माहीत, भावजी. गूगल असेल." तिने फोन पुढे केला. अनारसे का फसतात, गुडघ्याचा तेल-उपाय, आठ वर्षांपूर्वीचं एक भविष्य, सगळी पानं उघडीच. किती उघडी आहेत त्याचा आकडा कोपऱ्यात येतो. नव्याण्णवच्या पुढे गेलं की हा ब्राउझर आकडा दाखवत नाही, त्या जागी हसरं तोंड दाखवतो. आमच्या घरात ते तोंड केव्हापासून हसतंय देव जाणे.

"आणि तुम्ही दोघं सकाळपासून हे काय मोजताय?" तिने विचारलं.

"हयातीचा दाखला."

"तुमचा तर झाला की. मंगळवारी पोस्टमनने दारात यंत्रावर अंगठा घेतला, तो कशाचा वाटला तुम्हाला?"

मला पार्सलचा वाटला होता. पार्सल आलं नाही म्हणून मी दोन दिवस वाटही पाहिली होती.

साडू बराच वेळ त्या हसऱ्या तोंडाकडे बघत राहिले. मग खाली वाकून हळूच मला म्हणाले, "देवासकर, हा तुमचा पोस्टमन धारपर्यंत येतो का हो?"