दुसऱ्या जगात आधीपासून कोण राहतं?

जपानी लाइट नॉव्हेलमधला, म्हणजे तरुणांसाठीच्या हलक्याफुलक्या कादंबऱ्यांमधला नायक दुसऱ्या जगात जातो तो बहुधा ट्रकखाली येऊन. धडक बसते, डोळे उघडतात, समोर देवी उभी. देवी वरदान देते आणि नायक पुढचे वीस खंड त्या अनोळखी जगाचा उद्धार करत हिंडतो. या प्रकाराला इसेकाई म्हणतात. त्याचं पीक एवढं माजलं की २०१६ साली जपानमधल्या एका कथास्पर्धेने नियमच केला : असल्या कथा पाठवू नका.

गडचिरोली जिल्ह्यातल्या आमच्या एटापल्लीत मात्र त्या ट्रकला कुणी हसत नाही.

तालुक्यातल्या सुरजागडचं लोहखनिज वाहणारे ट्रक आमच्याच रस्त्यांनी खाली उतरतात. त्या मार्गांवर माणसं चिरडून मेली आहेत. त्यांच्यासाठी पलीकडे कुणी वरदान घेऊन थांबलं होतं, असं सांगायची हिंमत कुणी करेल का?

म्हणून नात्सुमे आकात्सुकी या लेखकाची 'कोनोसुबा' ही मालिका मला पहिल्याच पानांत आवडली. काझुमा सातो हा घरात कोंडून घेऊन गेम खेळत बसणारा पोरगा. एका मुलीवर ट्रक येतोय असं समजून तो तिला ढकलतो आणि मरतो. वर गेल्यावर कळतं की ट्रक नव्हताच. संथ चालणारा ट्रॅक्टर होता. मुलीला काही होणार नव्हतं. काझुमा मेला तो नुसत्या धसक्याने, आणि समोरची देवी पोट धरून हसते आहे.

अख्ख्या साहित्यप्रकाराची हवा एका ट्रॅक्टरने काढली!

आकात्सुकीने २०१२ मध्ये ही गोष्ट इंटरनेटवर लिहायला घेतली. २०१३ मध्ये ती कादोकावा या प्रकाशनाच्या स्नीकर बुन्को मालिकेत पुस्तकरूपाने आली, कुरोने मिशिमाच्या चित्रांसह. २०१६ मध्ये तिच्यावर ॲनिमे निघाली, २०१७ मध्ये इंग्रजी भाषांतर सुरू झालं, २०२० मध्ये १७व्या खंडाला मूळ कथा संपली. मराठीत काय आलं?

काही नाही.

आता वाचकांची मतं. एक गट म्हणतो, हसून हसून पुरेवाट झाली. दुसरा विचारतो, कथानक कुठे आहे? ती हसणारी देवी अक्वा काझुमासोबत त्या जगात येते आणि दर खंडात भोकाड पसरते. मेगुमिन ही जादूगार दिवसातून एकच प्रचंड स्फोट करू शकते आणि केला की जमिनीवर आडवी होते. तिला पाठुंगळी मारून घरी आणावं लागतं. डार्कनेस या शूर सरदारणीची तलवार कशालाच लागत नाही. काझुमा धरून ही चौकडी १७ खंड चालते. तोच विनोद किती वेळा, ही तक्रार अर्धी खरी आहे.

अर्धी खोटी अशासाठी, की घरातल्या माणसांचेही तेच ते विनोद आपण जन्मभर ऐकतो आणि त्यांनाच घर म्हणतो.

पण एक तक्रार शंभर टक्के खरी आहे. काझुमा 'चोरी'ची विद्या शिकतो आणि तिचा पहिला प्रयोग म्हणजे बाईची चड्डी. डार्कनेसला मार खाण्यात सुख वाटतं, हा विनोद पहिल्यांदा खपतो, पुढे कंटाळा येतो, आणखी पुढे पुस्तक मिटावंसं वाटतं. वाचक चिडले ते बरोबरच चिडले. हलकंफुलकं लिहायचं म्हणून बाईची खिल्ली उडवायची, ही सवय जपानची एकट्याची नाही. आपल्या दिवाळी अंकांतले विनोदी चुटके काढून बघा.

आता आपल्याकडचा ठरलेला आक्षेप. हे पळपुटं साहित्य आहे. पोरं वास्तवापासून पळतात.

पळून कुठे जातात, ते तरी वाचाल?

काझुमा ॲक्सेल नावाच्या गावात पोचतो तेव्हा त्याच्या खिशात साहसवीरांच्या संघात नोंदणी करायला एक हजार एरिससुद्धा नसतात; एरिस हे तिथलं चलन. मग तो काय करतो? गावाच्या तटबंदीच्या बांधकामावर मजुरीला जातो. दिवसभर राबायचं, रात्री घोड्यांच्या तबेल्यात गवतावर झोपायचं. सोबतची देवी भिंतींना गिलावा करते, आणि इतका छान करते की कामावरचे लोक तिचं कौतुक करतात. राक्षसराजाला मारायला निघालेला नायक सकाळी उठून घमेलं उचलतो.

रोजंदारीने सुरू होणारी पळवाट दाखवा मला दुसरी एखादी!

पुढे राक्षसराजाच्या बेल्डिया नावाच्या बलाढ्य सेनानीला हे चौघे पाडतात. बक्षीस ३० कोटी एरिस. पण त्या लढाईत अक्वाने सोडलेल्या पुराने गावाची मोडतोड झाली, तिची भरपाई ३४ कोटी. विजयी वीर संघाच्या सभागृहातून बाहेर पडतात ते डोक्यावर चार कोटींचं कर्ज घेऊन. गाव फोडलंस तर गावाला भर, मग तू कितीही मोठा असशील. खनिजाच्या ट्रकांनी उखडलेल्या रस्त्यांचा इतका सरळ हिशेब आमच्यापुढे कधी मांडला गेला?

कादंबरीत तो एका पानात होतो.

आणि तो कोबीचा प्रसंग! एके दिवशी गावात भोंगा वाजतो. सगळे हत्यारं घेऊन वेशीकडे धावतात. काझुमाला वाटतं, शत्रू आला. येतो तो कोबी. हजारो गड्डे पंख फुटल्यागत उडत येतात, कारण त्या जगात कोबीला कापून घेणं मंजूर नाही. हंगाम आला की तो शेत सोडून उडतो. एका गड्ड्याला दहा हजार एरिस. काझुमा तोंड वासून बघत राहतो आणि आजूबाजूचा एकही माणूस चकित होत नाही. त्यांना ठाऊकच आहे. दरवर्षी येतो कोबी.

आमच्याकडे तेंदूचा हंगाम लागतो तेव्हा हेच होतं. मे महिन्याच्या उन्हात भल्या पहाटे अख्खं गाव जंगलात, बाकी सगळी कामं बंद. सत्तर पानांचा एक पुडका, शंभर पुडक्यांवर भाव, आणि संध्याकाळी मोजून घेणारा फाटक्या पानांचे पुडके बाजूला काढतो. अक्वाने पोतंभर गड्डे पकडून आणले आणि निघाली बहुतेक लेट्यूसची पानं. लेट्यूसला भाव नाही. ती संघाच्या काउंटरवर जो आकांत करते, तो आमच्या कुठल्याही बाईला वेगळा समजावून सांगावा लागणार नाही.

टोकियोतल्या वाचकाला तो प्रसंग विक्षिप्त वाटला असेल. इथे तो ओळखीचा आहे.

यातच मला जे म्हणायचंय ते आलं. बाकीच्या इसेकाई कथांत बाहेरून आलेला पोरगा अंडं आणि तेल घुसळून मेयोनीज करतो आणि अख्खं राज्य थक्क होतं. साधी बेरीज करतो, दरबार टाळ्या वाजवतो. त्या जगातले लोक हजारो वर्षं काय करत होते? अंडी घुसळायलाही त्यांना टोकियोच्या मुलाची वाट पाहावी लागली? वाचक याकडे काणाडोळा करतात, कारण वाचताना ते नायकाच्या जागी असतात.

आम्ही त्या जागी नसतो. आम्ही टाळ्या वाजवणाऱ्यांच्या रांगेत असतो.

पुण्या-मुंबईत गडचिरोलीचं नाव काढा, ठरलेलं वाक्य येतं : ते वेगळंच जग आहे हो. सरकारी नोकरीत इथली बदली म्हणजे शिक्षा, असं अजून बिनदिक्कत बोललं जातं. आणि या दुसऱ्या जगात येणाऱ्याला वरदानही मिळतं. ६ ऑगस्ट २००२ च्या शासन निर्णयाने आदिवासी आणि नक्षलग्रस्त भागातल्या कर्मचाऱ्यांना एकस्तर वेतनश्रेणी दिली, म्हणजे इथे असेपर्यंत एक पायरी वरचा पगार. कामाची जागा अवघड आहे, पगार मिळावा, त्याला माझी ना नाही. पण इथेच जन्मून इथेच मरणाऱ्या माडिया आदिवासी माणसाच्या मजुरीला कुठला वरचा स्तर?

त्याच्यासाठी हे पहिलं आणि एकच जग आहे.

'कोनोसुबा' इथे बाकीच्यांपेक्षा उजवी ठरते. ॲक्सेलची माणसं काझुमासाठी टाळ्या वाजवायला बसलेली नाहीत. विझ नावाची दुकानदारीण निरुपयोगी माल आणून दरमहा तोट्यात जाते. डस्ट नावाचा उडाणटप्पू उधारीवर जगतो. संघाच्या काउंटरवरची लूना कामाच्या ओझ्याने वैतागलेली असते. त्यांची आयुष्यं आधीपासून चालू आहेत, काझुमा मध्येच येऊन टपकला. अडाणी कुणी असेल तर तो.

आणि त्या जगात जायला काझुमाला एक क्षण लागतो. आमच्या तालुक्यातल्या गर्देवाडा, वांगेतुरीकडून एसटी सुटायला २०२५ उजाडावं लागलं. १ जानेवारीला मुख्यमंत्र्यांनी ३२ किलोमीटरच्या रस्त्याचं उद्घाटन केलं आणि त्या बसमधून प्रवास केला. वर्तमानपत्रांनी मथळे दिले : ७७ वर्षांनी पहिली बस. मथळा खरा होता. फक्त ७७ वर्षं ती बस कुठे होती, हा प्रश्न दुसऱ्या दिवशीच्या अंकात नव्हता.

मराठीला अद्भुताचं वावडं कधीपासून झालं? कृष्णशास्त्री चिपळूणकरांसारखा पंडित अरबी भाषेतल्या सुरस आणि चमत्कारिक गोष्टी मराठीत आणायला बसला, तेव्हा त्याचं पांडित्य कमी झालं नाही. नाथमाधवांची 'वीरधवल' १९१३ ची, ती आजही छापली जाते. मग आपण मधल्या काळात ठरवून टाकलं की अद्भुत म्हणजे पोरांचं आणि विनोद म्हणजे फावल्या वेळचा. फावला वेळ कुणाला असतो? कष्ट करणाऱ्याला रात्री थोडा असतो. त्याच्या हातात काय द्यायचं, याचा विचार कुणी केला?

आमच्या झाडीपट्टीच्या रंगभूमीने केला. वडशाहून निघणारी नाटकं रात्रभर चालतात, हजारोंनी लोक थंडीत बसून बघतात, हसतात, रडतात. त्यांना उथळ म्हणणारे म्हणत राहिले. २०२३ मध्ये या रंगभूमीचे कलावंत परशुराम खुणे यांना पद्मश्री जाहीर झाली, तेव्हा अनेकांनी पहिल्यांदा विचारलं की ही झाडीपट्टी कुठे आली.

वाचनाचं काय? गडचिरोली पोलिसांनी 'एक गाव एक वाचनालय' उपक्रमातून दुर्गम गावांत वाचनालयं उभी केली. चांगलं काम आहे. फळ्यांवर भरतीची पुस्तकं, सामान्यज्ञान, अंकगणित, तीही हवीतच. नोकरी लागली की घर उभं राहतं. पण भरतीसाठी पहाटे धावून आलेल्या पोराने दुपारी नुसतं हसण्यासाठी एक पुस्तक मागितलं तर? ते त्याला कोणत्या फळीवर मिळेल? शहरातल्या पोराने वाचलं तर छंद आणि आमच्या पोराने वाचलं तर वेळ वाया, हा नियम कुणी केला?

मला तर वाटतं, पहिला खंड इथल्या कपाटात ठेवावा आणि आठ दिवसांनी वही पुढे करावी. मतं येऊ द्या. कोबीच्या प्रसंगावर जपान्यांना सुचलं नाही असं काही आमची पोरं लिहितील, याची मला खात्री आहे.

आणि स्वतःचंही लिहितील. दुसऱ्या जगाची उसनवारी करण्याची इथे गरज नाही. गोंडांचे पूर्वज गुहेत कोंडले गेले आणि पारी कुपार लिंगोने त्यांना सोडवलं, ही कथा कचारगडची. आजही माघ पौर्णिमेला गोंदियातल्या त्या गुहेकडे लाखांची रीघ लागते. ती श्रद्धा आहे. तिच्या आसपास खेळकर लिहायचं की नाही, लिहिलंच तर कुठवर, हे माडिया-गोंड पोरं ठरवतील. त्यासाठी बाहेरून कुणी वरदान घेऊन यायला नको.

वाचकांची एक तक्रार राहिली, सगळ्यात जास्त ऐकू येणारी. काझुमा ॲक्सेल सोडतच नाही. नवशिक्यांचं गाव ते, तिथून पुढे मोठ्या जगात जायचं असतं. हा राजधानीपर्यंत जाऊन येतो आणि परत तिथेच. गोष्ट पुढे सरकत नाही म्हणे!

का सरकावी? ॲक्सेलमध्ये त्याचं घर आहे, भुताटकीचं म्हणून मिळालेलं. तिथल्या लोकांनी त्याला टोपणनावं ठेवली आहेत, तीही चांगली नाहीत. तो त्यांच्याशी भांडतो, त्यांच्या उधाऱ्या बुडवतो, संकट आलं की शिव्या देत त्यांच्याच बाजूने उभा राहतो. एटापल्लीत बदलून आलेले किती साहेब बघितले आम्ही! कुणी दिवस मोजत राहिला, कुणी पहिल्या महिन्यात परतीचा अर्ज टाकला. त्यांतल्या कितीजणांना गावाने टोपणनाव ठेवलं?