पाच लाखांपर्यंत लोकशाही

पुण्यात झाड तोडायचं असेल तर आधी त्याच्या खोडावर कागद लावावा लागतो. १९७५च्या वृक्षसंरक्षण कायद्यानं तशी सोय करून ठेवली आहे. कागदावर झाडांची संख्या, तोडण्याचं कारण आणि खाली नेहमीची ओळ: सात दिवसांत हरकती नोंदवाव्यात. त्यातले दोन दिवस शनिवार-रविवारचे. एक दिवस कागदाची बातमी सोसायटीच्या ग्रुपवर यायला लागतो. उरलेल्यात अर्ज लिहायचा, रजा टाकायची, आवक खिडकी शोधायची आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घ्यायची. गोल शिक्का, तारीख, अर्धवट सही. ती पोच घेऊन पुणेकर बाहेर पडतो तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर खटला जिंकल्याचं समाधान असतं.

हरकत कशावर घ्यायची, तेही आधीच ठरलेलं. झाडावर घ्यायची. रस्ता इथूनच का, पूल एवढा रुंद का, हे विचारायला त्या कागदावर जागा नाही. तोवर निविदा निघालेली असते, ठेकेदार ठरलेला असतो आणि नारळही फुटलेला असतो. सुनावणीत साहेब अगदी सौजन्यानं ऐकून घेतात. तोडलेल्या झाडांच्या बदल्यात किती रोपं लावणार तेही सांगतात. रोपं कुठे लावणार हे ऐकलं की कळतं, आता सावलीत उभं राहायचं तर पीएमपी बसचा पास काढावा लागणार.

मोठ्या कामांना तर तेवढीही तोशीस नाही. मुळा-मुठा नदीकाठ सुधार प्रकल्प घ्या. ४४ किलोमीटरचा काठ, ४,७२७ कोटींचा आराखडा. पर्यावरण मंजुरी २०१९ साली, पायाभरणी मार्च २०२२ मध्ये थेट पंतप्रधानांच्या हस्ते. एवढ्या कामाला जनसुनावणी झालीच असेल, असं शाळेत नागरिकशास्त्र शिकलेल्या माणसाला वाटतं. पण केंद्राच्या १४ सप्टेंबर २००६च्या अधिसूचनेनं इमारती, नगरवसाहती आणि क्षेत्रविकासाचे प्रकल्प जनसुनावणीतून वगळले आहेत आणि आपली नदी त्याच रकान्यात बसवली गेली. कायद्याच्या नजरेत मुठा म्हणजे एक लांबलचक भूखंड, फक्त मधोमध थोडा ओला.

नाल्यांचं पाणी शुद्ध करण्याचा प्रकल्प वेगळाच आहे. जपानच्या कर्जातून ११ शुद्धीकरण केंद्रं, ९९० कोटी, मंजुरी २०१६ची. आधी पाणी की आधी काठ, हा प्रश्न कुणी आजीबाईही विचारेल. पण आजीबाईंना विचारायची तरतूद नाही.

जनसुनावणी वगळणारी ती अधिसूचना निघाली त्याच २००६ साली पुण्यात दुसरी एक गोष्ट सुरू झाली आणि मला या योगायोगाचं भारी कौतुक आहे. महापालिकेनं नागरिकांच्या सहभागातून अंदाजपत्रक करायला घेतलं. देशात असं पाऊल टाकणाऱ्या पहिल्या काही शहरांत आपण. दरवर्षी अर्ज भरा, आपल्या प्रभागातलं काम सुचवा, खर्च मात्र पाच लाखांच्या आत. बाक, पदपथाची दुरुस्ती, दिवा, नावाची पाटी. म्हणजे नदीकाठी बाक कुठे ठेवायचा हे तुम्ही सांगू शकता. काठ कुठे ठेवायचा हे नाही. पाच लाखांपर्यंत आपण मालक, त्यापुढे प्रेक्षक.

आणि खोटं कशाला बोला, पाच लाखांची मालकी तरी आपण कशी वापरतो? आमच्या गेटसमोर गतिरोधक, समोरच्या गेटसमोरचा काढून टाका. अमुक झाडाची पानं पार्किंगमध्ये पडतात, फांद्या छाटाव्यात. टेकडी वाचवा म्हणून पहाटे घोषणा देणारे आपणच, संध्याकाळी टेकडीला चिकटलेल्या स्कीमचं ब्रोशर चाळणारेही आपणच. ‘हिल व्ह्यू’ची टेकडी शिल्लक राहावी, एवढाच आपला पर्यावरणवाद.

तरी पुणेकर बोलतो, खूप बोलतो. जुन्या हद्दीच्या विकास आराखड्याचा मसुदा २०१३ मध्ये आला तेव्हा सुमारे ८७ हजार हरकती-सूचना गेल्या. एखाद्या तालुक्याच्या गावाची लोकसंख्या कागदावर उतरली म्हणा. सुनावण्या झाल्या, मग महापालिकेतच घोळ झाला, मुदत सरली आणि २०१५ मध्ये राज्य सरकारनं आराखडा काढून घेतला. तीन अधिकाऱ्यांच्या समितीनं तो पुन्हा केला, २०१७च्या जानेवारीत मंजुरी आली. ८७ हजारांनी सांगितलं, तिघांनी ठरवलं. गणित सोपं आहे.

मग लोक खिडकी सोडून रस्त्यावर येतात. १५ एप्रिल २०२३ला वेताळ टेकडी वाचवण्यासाठी हजारो लोक चालले, २९ एप्रिलला नदीकाठच्या झाडांसाठी. झाडांना मिठ्या मारल्या. उत्तराखंडातल्या रेणी गावच्या बायकांनी १९७४ मध्ये झाडं अडवली तेव्हा ठेकेदाराची माणसं परत गेली होती. पुण्यात फोटो छान आले. फेब्रुवारी २०२५ मध्ये मुळा आणि राम नदीच्या संगमापाशी लोकांना पुन्हा झाडांभोवती उभं राहावं लागलं.

हे सगळं पाण्यात गेलं असंही नाही. महापालिकेत समाविष्ट झालेल्या २३ गावांच्या टेकड्यांवर ९७८ हेक्टरांचं जैववैविध्य उद्यानाचं आरक्षण टिकलं, ते लोकांनी वर्षानुवर्षं पाठ न सोडल्यामुळे. २०१५ मध्ये सरकारनं त्यावर मोहोर उठवली. त्यातली जमीन ताब्यात किती आली, हे विचारू नका. आणि घरोघरचा कचरा वेचणाऱ्या बायका. कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत १९९३ची, तिच्यातून उभी राहिलेली ‘स्वच्छ’ संस्था त्यांच्याच मालकीची. या शहरात पर्यावरणाच्या कारभारात खरोखर हात घालणारा गट तो एवढाच, बाकी आपण सगळे तोंड घालणारे. त्यांचा करार २०२०च्या अखेरीस संपला तेव्हा त्यांनाही मुदतवाढीसाठी उंबरे झिजवावे लागले.

एक हरकत मात्र महापालिकेला नोंदवून घ्यावीच लागली. २५ जुलै २०२४च्या पहाटे पुराच्या पाण्यासह मुठेनं ती सिंहगड रस्त्याच्या एकतानगरीत थेट तळमजल्यावर दाखल केली. पोच मागितली नाही.

आता थोडं कायद्याचं, कारण यात खरी गंमत आहे. महापालिका अधिनियमाच्या कलम ६७-अ प्रमाणे आयुक्तांनी शहराच्या पर्यावरणाच्या सद्यस्थितीचा अहवाल दरवर्षी ३१ जुलैपूर्वी मुख्य सभेपुढे ठेवायचा असतो. सभेनं त्यावर प्रश्न विचारायचे. पण १५ मार्च २०२२ पासून जवळजवळ चार वर्षं सभाच नव्हती. आयुक्त हेच प्रशासक. म्हणजे आयुक्तांनी अहवाल सादर करायचा, प्रशासकांनी तो वाचून समाधान व्यक्त करायचं आणि दोन्ही ठिकाणी सही एकाच पेनानं करायची. एवढी एकमतानं चालणारी सभा पुण्यानं पेशवाईतही पाहिली नसेल.

जानेवारी २०२६ मध्ये निवडणूक झाली आणि नगरसेवक परत आले. कार्यअहवालात बाकांचे फोटो येतील, त्यावर नावंही येतील. राज्याच्या कायद्यात क्षेत्रसभेची तरतूद २००९ पासून आहे. नगरसेवकानं आपल्या भागातल्या मतदारांना एकत्र बोलवायचं आणि कामांवर त्यांचं म्हणणं ऐकायचं. ग्रामसभेचीच शहरी बहीण. पुण्यात ती भरल्याचं तुमच्या पाहण्यात असेल तर तुम्ही भाग्यवान. मतदार हात जोडून समोर बसलेला नेत्यांना चालतो, प्रश्न घेऊन बसलेला नाही.

म्हणून वाचकहो, यंदा सहभागी अंदाजपत्रकाचे अर्ज सुटले की बाक मागू नका. कामाचं स्वरूप या रकान्यात लिहा: ‘नदीकाठ प्रकल्पावर आमच्या प्रभागात जाहीर सुनावणी, अधिकारी आणि नगरसेवक समोर, नकाशे मराठीत.’ अंदाजित खर्च: मांडव, माइक, खुर्च्या, चहा. पाच लाखांच्या कितीतरी आत बसतं. अर्ज फेटाळला तर कारण लेखी मागा, आणि पोच तेवढी विसरू नका.