जी दाबला की चाकं

गडमुडशिंगीच्या माणसाला विमानाचं अप्रूप उरलेलं नाही. शेजारी उजळाईवाडीला राजाराम महाराजांच्या काळापासूनचा, 1939 सालचा कोल्हापूरचा विमानतळ आहे. त्याची धावपट्टी लांबवायला गावची 64 एकर जमीन लागली. आता उसात भांगलणाऱ्या बाया डोक्यावरून एटीआर गेलं तरी मान वर करत नाहीत. आमच्या पुतण्याला मात्र एवढ्यानं भागेना. त्यानं माडीवर स्वतःचं बोईंग 737 बसवलंय. म्हणजे एक संगणक, एक जॉयस्टिक आणि पाहुणे आले तरी कुणी बसायचं नाही अशी खुर्ची.

उडवायला त्याला येतं. घोडं अडतं ते उडायच्या आधी. पायलटच्या गुडघ्याशी एक छोटा पडदा असतो. कुठून निघालो, कुठं जायचं, वजन किती, हे सगळं त्याला टाइप करून सांगावं लागतं. तिकिटावर कोल्हापूर म्हणजे केएलएच. याला व्हीएकेपी लागतं. वजन 52500 लिहिलं की 'इनव्हॅलिड एन्ट्री'. 52.5 लिहिलं की गुमान घेतं, कारण ते हजार किलोत मोजतं. कोल्हापूरचा रेखांश 74 अंश, पण 074 लिहायचं. पुढचं शून्य राहिलं की पुन्हा तीच ओरड. सातबाऱ्यावरचं आणि आधारवरचं नाव एका वेलांटीनं हुकलं की खातेदार समोर उभा असून नसल्यासारखा होतो, तसंच हे.

त्यात आणखी एक गंमत. पडद्यावरची बटणं माउसनं टिपत बसायचा कंटाळा, म्हणून पोरगं थेट कीबोर्ड बडवतं. तो पडद्याला जोडलेला नसला तर प्रत्येक अक्षर विमानालाच हुकूम सोडतं. हवेत असताना गोव्याचा व्हीओजीओ टाइप करायला गेला, आणि 'जी' दाबल्याबरोबर चाकं खाली!

चूक पुसायला 'सीएलआर' नावाचं बटण आहे. ते एकदा दाबलं की फक्त तक्रार जाते, चूक तिथंच राहते. अशी बटणं बाहेरच्या जगातही भरपूर आहेत, पण तो विषय वेगळा.

मला या ओरडणाऱ्या यंत्रापेक्षा त्याच्या गप्प बसण्याची जास्त धास्ती वाटते. 10 मार्च 2015 रोजी सिडनीच्या विमानतळावर एअरएशिया एक्सच्या पायलटनं विमान कुठं उभं आहे ते भरताना 15109.8 ऐवजी 01519.8 पूर्व असा रेखांश टाकला. आकडे तेवढेच, मांडणी बिनचूक, यंत्रानं मुकाट घेतलं. विमान सिडनीत आणि त्याच्या मते ते दक्षिण आफ्रिकेजवळच्या समुद्रात, 11000 किलोमीटरहून जास्त लांब! पुढं इशारे आले, पण त्यांचा अर्थ वेळेत लागला नाही. क्वालालंपूरला निघालेली माणसं शेवटी सुखरूप उतरली, पण मेलबर्नला.

ही हकीकत ऐकल्यापासून पुतण्या खऱ्या कॉकपिटची रीत पाळतो. एकानं भरायचं, दुसऱ्यानं तपासायचं. दुसरा पायलट म्हणून सध्या त्याची आजी आहे. तिला इंग्रजी येत नाही, म्हणून तो मोठ्यानं वाचून दाखवतो. परवा मुंबईचा मार्ग वाचून झाला.

"पुणं कुठाय ह्यात?" आजीनं विचारलं.

"आजी, विमानाला पुणं लागत न्हाई."

"बरं, पुणं ऱ्हाऊ दे. पण कोल्हापूरनंतर तू एकदम मुंबईच म्हणालास की रं. मधी काय हाय का न्हाई?"

पुतण्या हसत हसत पडद्यावर वाकला आणि हसायचा थांबला. मधल्या ओळीत रिकामे चौकोन होते आणि त्याखाली लिहिलेलं, 'रूट डिसकंटिन्युइटी'.