हत्ती, घोडे आणि ईएमआय

क्रूझर घ्यायला येऊन ॲव्हरेज विचारणाऱ्या गिऱ्हाइकाला शोरूममध्ये पाणीही विचारू नये. आकुर्डीच्या बजाजने 2005 साली ॲव्हेंजर आणून हा हिशेबी स्वभाव उगाच जोपासला. तिची पुढे आलेली 220 सीसीची आवृत्तीच घ्या : साधारण 19 अश्वशक्ती, वजन 163 किलो. शोभतं का हे?

त्यापेक्षा रॉयल एन्फिल्डची मीटिअर पाहावी. 349 सीसी, 20 अश्वशक्ती, 191 किलो. जादा 129 सीसीत जेमतेम घोडा-दीड घोडा वाढतो, हे खरं. पण वरचे 28 किलो निखळ रुबाबाचे असतात. चढाच्या पार्किंगमधून गाडी पायाने मागे रेटताना ते पुरेपूर वसूल होतात.

2017 साली बजाजने आपल्या डॉमिनार बाइकच्या जाहिरातीत एन्फिल्डच्या गाड्यांना हत्ती ठरवून ‘हत्ती पाळू नका’ असं बजावलं. लोकांनी जाहिरात आवडीने पाहिली आणि हत्ती बुक केले.

हार्ले-डेव्हिडसनने तर 1994 साली इंजिनाच्या आवाजावरच ट्रेडमार्क मागितला होता. 2000 साली अर्ज मागे घेतला. इथेच घाई झाली. पुढची पायरी सरळ आहे : क्रोमची टाकी, चामड्याची सीट आणि स्पीकर. इंजिन ॲक्सेसरीजमध्ये, पैसे वेगळे.

इच्छुकांनी बुकिंगला येताना घरची ॲक्टिव्हा आणावी. शोरूमसमोर मोठ्या गाड्यांना जागा नाही.